पागोळीचे चित्र : कवितेतील शब्द मुलांच्या हाती देताना

कवितेतील शब्द मुलांना शिकवणे हे गद्य पाठातील शब्द शिकवण्यापेक्षा निराळे आणि अधिक नाजूक काम आहे, आणि त्याचे कारण कवितेच्या घडणीतच आहे. गद्यात अनोळखी शब्द आला, तर मागचीपुढची वाक्ये त्याचा अर्थ थोडाफार उलगडून देतात. कवितेत मात्र ओळी आखूड असतात, क्रियापद पुष्कळदा गाळलेले असते, शब्दांचा क्रम वृत्तासाठी फिरवलेला असतो आणि एकेका शब्दावर अर्थ, नाद व चित्र असा तिहेरी भार असतो. अशा वेळी फळ्यावर 'पागोळी म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारी पाण्याची धार' असे लिहून दिले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, तरी तो शब्द मुलाचा होत नाही. परीक्षेपुरता तो वहीत राहतो आणि वही बदलली की विसरला जातो. मुलाने त्या शब्दाचे चित्र काढले, तो शब्द हाताने जुळवला किंवा अंगाने करून दाखवला, म्हणजे शिकण्यात डोळ्याला आणि हाताला काम मिळाले, तर काय घडते आणि ते कसे घडवून आणावे, याचा विचार येथे रत्नागिरी परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

पागोळी हाच शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. उतरत्या कौलारू छपरावर पडलेला पाऊस कौलांच्या ओळींमधून खाली घरंगळतो आणि छपराच्या कडेशी प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक धार सुटते, त्यामुळे पडवीत बसलेल्या माणसाच्या समोर पाण्याच्या धारांची एक सारखी रांग उभी राहते. पाऊस थांबला तरी या धारा लगेच थांबत नाहीत, त्या बारीक होत होत थेंबांवर येतात, आणि खाली अंगणाच्या मातीत बरोबर प्रत्येक धारेखाली एक छोटा खळगा पडलेला असतो. कोकणातील घरांवर आता सिमेंटचा स्लॅब मोठ्या प्रमाणावर आला आहे, आणि स्लॅबवरचे पाणी एकाच नळातून खाली उतरते, त्यामुळे रत्नागिरी शहरातील आणि पुष्कळशा खेड्यांतीलही मुलांच्या घरून पागोळी नाहीशी झाली आहे. शब्द पुस्तकात राहिला आणि वस्तू मात्र घरातून गेली. अशा मुलाला पागोळीचे चित्र काढायला सांगितले, तर ते नळाच्या धारेसारखी एकच जाड धार काढण्याचा किंवा घरावर पडणारा पाऊसच काढण्याचा संभव असतो. असे चित्र चुकले म्हणून बाजूला ठेवण्याजोगे नसते, कारण व्याख्या पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलाला काय कळले नाही हे शिक्षकाला कधीच दिसत नाही, आणि या चित्रात ते स्पष्ट दिसते: पागोळी छपराच्या कडेशी सुरू होते, ती एक नसून रांगेने असते आणि ती पावसामागून उरते, या तीन गोष्टी मुलापर्यंत अजून पोहोचलेल्या नाहीत. मुलाचे चित्र म्हणजे त्याच्या मनातील अर्थाचा नकाशा होय, आणि दृश्य कृतींचा पहिला उपयोग सजावटीचा नसून हा नकाशा वाचण्याचा आहे.

शब्द आणि चित्र यांची सांगड घालण्याची कल्पना नवी नाही. मोराव्हियात जन्मलेल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस', म्हणजे 'इंद्रियांना जाणवणाऱ्या जगाची चित्रे', हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सुमारे दीडशे चित्रे होती, चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला होता आणि खालच्या लॅटिन व जर्मन मजकुरात तोच आकडा त्या वस्तूच्या नावाजवळ छापलेला होता. मुलांसाठी तयार केलेल्या पहिल्या सचित्र पुस्तकांत त्याची गणना होते. विसाव्या शतकात कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पेव्हिओ यांनी या जुन्या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. मनुष्य माहिती शब्दरूपाने आणि प्रतिमारूपाने अशा दोन वेगळ्या पण एकमेकींशी जोडलेल्या वाटांनी साठवतो, आणि जी गोष्ट दोन्ही वाटांनी साठवली गेली ती आठवण्याची शक्यता वाढते, असे त्यांनी १९७१ मधील आपल्या ग्रंथात मांडले. याला दुहेरी संकेतनाचा सिद्धान्त म्हणतात. पुढे २०१६ मध्ये कॅनडातीलच वॉटर्लू विद्यापीठात वॅम्स, मीड आणि फर्नांडिस या संशोधकांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत सहभागी झालेल्यांनी काही शब्दांची चित्रे काढली आणि काही शब्द पुन्हा पुन्हा लिहिले, तेव्हा चित्र काढलेले शब्द अधिक लक्षात राहिले. एवढेच नव्हे, तर तयार चित्र पाहणे किंवा मनात चित्र आणणे यांपेक्षाही स्वतः काढणे सरस ठरले, आणि त्यासाठी चित्रकला चांगली असण्याची गरज नव्हती. हे प्रयोग प्रौढ विद्यार्थ्यांवर झालेले होते आणि त्यांतील शब्द साधे होते, हे विसरता कामा नये. तरीही चित्र कोणी काढायचे या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळते, आणि ते वर्गासाठी फार मोलाचे आहे.

याच्या जोडीला आणखी एक निरीक्षण लक्षात घ्यावे लागते. सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर एका अपरिचित रंगासाठी एक अपरिचित शब्द सहज बोलण्याच्या ओघात वापरला, तेव्हा एक-दोनदाच ऐकूनही मुलांना त्या शब्दाविषयी काहीतरी कळले होते, पण अर्थाची पुरती जुळणी व्हायला पुष्कळ काळ आणि पुष्कळ भेटी लागल्या. शब्दाशी पहिली ओळख क्षणात होते आणि मैत्री मात्र सावकाश होते, असे सोप्या भाषेत म्हणता येईल; म्हणून एका तासिकेत चित्र काढून तो शब्द संपला असे मानणारी कृती, ती कितीही रंगीत असली, तरी अपुरीच राहते.

रत्नागिरीत हा विषय मांडण्याला एक खास कारण आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, १८६६ मध्ये याच जिल्ह्यातील मालगुंड या गावी जन्मले. ते स्वतः पेशाने शिक्षक होते, आणि गणपतीपुळ्याच्या शेजारच्या त्या गावात त्यांचे जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारकाच्या रूपाने जपले आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची हद्द पार दक्षिणेपर्यंत होती, त्यामुळे देवगड तालुक्यातील धालवलीचे विंदा करंदीकर आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर हेही जन्माने जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचेच कवी होत, आणि या दोघांनी मुलांसाठी मनापासून व भरपूर लिहिले. केशवसुतांच्या 'झपूर्झा' या कवितेचे नाव तर या विषयाला थेट भिडते. झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या मुली तोंडाने जे शब्द भराभर म्हणतात त्यांच्या नादातून ते घडले आहे, आणि कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवून त्याचा अर्थ सांगता येत नाही. फुगडीचा वेग, गरगरणारे अंगण आणि भान हरपणे यांतूनच तो समजतो. मोठ्या वर्गातील मुलांनी फुगडी घालून लगेच कागदावर, वस्तू न काढता, फक्त रेषांनी तो वेग काढला, तर शब्द जिथून आला तिथेच मुले जाऊन पोहोचतात.

एखादी कविता हाती घेतल्यावर तिच्यातील कोणते शब्द अशा कृतींसाठी निवडावेत, हा पहिला व्यावहारिक प्रश्न होय. अमेरिकेतील आयझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत: रोजच्या बोलण्यातले शब्द, अनेक विषयांत उपयोगी पडणारे लेखी भाषेतले शब्द, आणि एखाद्याच विषयापुरते विरळ शब्द, आणि शिकवण्याचा वेळ मधल्या थरावर खर्च करावा असा त्यांचा सल्ला आहे. पाठ्यपुस्तकातील गद्यासाठी हा सल्ला उत्तम आहे, पण कवितेला तो जसाच्या तसा लावला तर पागोळीसारखा शब्द विरळ म्हणून गळून जाईल आणि त्याबरोबर कवितेचा प्राणही जाईल. कवितेसाठी कसोटी दुसरी हवी, ती अशी की तो शब्द काढून घेतला तर ओळीतील चित्र मोडते का. मोडत असेल, तर तो विरळ असला तरी घ्यावा, आणि मोडत नसेल, तर त्याचा अर्थ सांगून पुढे जावे. एका कवितेतून असे चार-पाच शब्द पुरेत.

बालकवींची 'औदुंबर' ही आठच ओळींची कविता या दृष्टीने अतिशय सोयीची आहे, कारण ती मुळातच एखाद्या नकाशासारखी रचलेली आहे: झरा, टेकडीकडचे लहानसे गाव, शेतमळे, त्यांतून जाणारी पायवाट, कुरण, डोह आणि शेवटी पाण्याशी असलेले झाड, अशा क्रमाने दृष्टी सरकत जाते. शिक्षकाने एका वेळी दोनच ओळी वाचाव्यात, मुलांनी तेवढ्याच भागाची जागा एका मोठ्या कागदावर पेन्सिलीने ठरवावी, आणि पुढच्या दोन ओळी आल्यावर लागेल ती खाडाखोड करावी. या खाडाखोडीतच शिकणे घडते. डोह या शब्दापाशी पुष्कळ मुले गोल तळे काढतील, आणि मग झऱ्याचे पाणी तळ्यात कोठून येते, तळ्यातून ते पुढे कोठे जाते, असे विचारले की डोह ही वेगळी जागा नसून वाहत्या पाण्याचाच खोल आणि संथ भाग आहे हे त्यांचे त्यांनाच पटते. कोकणात नदीतील अशा जागेला कोंड म्हणतात, हे घरी ऐकलेले एखादे मूल तो शब्द आपणहून पुढे करील. डोहाला कोणता रंग द्यायचा यावरही चर्चा होते, कारण रंगपेटीतला पाण्याचा रंग निळा असतो आणि कवितेतला डोह निळा नाही.

त्याच कवितेतील ऐल आणि पैल ही जोडी मात्र नुसत्या चित्राने समजणारी नाही, आणि दृश्य कृतीचा कस लागतो तो अशाच शब्दांपाशी. ऐल म्हणजे अलीकडचा आणि पैल म्हणजे पलीकडचा हे सांगता येते, पण हे शब्द एखाद्या काठाला कायमचे चिकटलेले नसतात. पाहणारा जिथे उभा असेल तिथून ते ठरतात. रत्नागिरीच्या मुलांना हे दाखवायला काजळी नदी जिथे समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी पुरेशी आहे. राजिवड्याच्या बाजूला उभ्या असलेल्या मुलाला भाट्ये पैल आहे, आणि पूल ओलांडून तेच मूल भाट्याच्या किनाऱ्यावर गेले की राजिवडा पैल होतो. वर्गात हे करताना जमिनीवर खडूने खाडी काढावी, दोन्ही काठांवर 'ऐल' आणि 'पैल' अशा शब्दपट्ट्या ठेवाव्यात, मुलांपैकी एकाने खाडी ओलांडावी आणि ओलांडल्यावर पट्ट्यांची अदलाबदल करावी. त्यानंतर काढलेल्या चित्रात प्रत्येकाने स्वतःची लहानशी आकृती काढलीच पाहिजे असा नियम ठेवावा, कारण पाहणारा चित्रात नसेल तर या दोन शब्दांना अर्थच उरत नाही. अलीकडे-पलीकडे, वर-खाली, समोर-मागे या सगळ्या शब्दांना हे लागू आहे, आणि कविता कोण बोलतो आहे व तो कोठे उभा आहे हा पुढे फार महत्त्वाचा ठरणारा प्रश्न मुलाच्या मनात येथेच पेरला जातो.

पावसाच्या शब्दांची गोष्ट आणखी वेगळी आहे. जिथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्या रत्नागिरीत पावसाच्या शब्दांसाठी साहित्य विकत आणावे लागत नाही. भुरभुर, रिमझिम, सर, झड, संततधार, मुसळधार, वळीव हे शब्द पुष्कळदा एका दोरीवर चिमट्यांनी कमी-जास्तीच्या क्रमाने लावायला सांगतात, आणि सुरुवात म्हणून ती कृती बरी आहे. पण थोडा वेळ गेल्यावर तिची अडचण कळते. रिमझिम आणि सर यांत कमी कोण आणि जास्त कोण, हा प्रश्न दोरीवर सुटत नाही, कारण या दोघींमधला फरक केवळ जोराचा नसून वेळेचाही आहे. म्हणून दोरीऐवजी फरशीवर दोन रेषा आखाव्यात, आडव्या रेषेवर पाऊस किती वेळ टिकतो ते आणि उभ्या रेषेवर तो किती जोराने पडतो ते मोजावे. आता रिमझिम पुष्कळ वेळ टिकणारी आणि कमी जोराची म्हणून खाली उजवीकडे जाते, सर थोड्या वेळाची म्हणून डावीकडे येते, झड उजवीकडे पण वरच्या अंगाला जाते, आणि वळीव नेमका जोराच्या सरीच्या जागी येऊन बसतो. त्या दोघांना वेगळे करण्यासाठी तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे ऋतू. वळवाची पट्टी वेगळ्या रंगाची केली, म्हणजे तो पावसाळ्याआधीचा पाऊस आहे हेही चित्रात येते. मुले या कृतीत भांडतात, आणि ते भांडण मोडू नये, कारण शब्दाच्या अर्थाच्या कडा कोठे आहेत याचा शोध त्यातूनच लागतो. जुलै महिन्यात रोज परिपाठाच्या वेळी त्या दिवसाच्या पावसाला यांपैकी एक शब्द देऊन तो भिंतीवरच्या तक्त्यात चिकटवला, तर महिनाअखेर मुलांकडे जमा होणारी नोंद कोणत्याही छापील तक्त्याहून अधिक त्यांची असते.

श्रावणातला पाऊस मात्र या तक्त्यातही नीट मावत नाही. बालकवींच्या 'श्रावणमासी' या कवितेतील शिरवे हा शब्द घेतला, तर शिरवा म्हणजे पावसाची हलकी, चटकन येऊन जाणारी सर, हा अर्थ खरा असला तरी कवितेत त्याला रंग येतो तो लगोलग पडणाऱ्या उन्हामुळे. एका स्थिर चित्रात ऊन आणि पाऊस दोन्ही एकदम काढले की त्यांच्यातला आलटूनपालटूनपणा नाहीसा होतो. यासाठी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या एकावर एक ठेवून वरच्या कडेने चिकटवाव्यात, खालच्या पट्टीवर उन्हातले कुरण आणि वरच्या पट्टीवर तेच कुरण पावसात काढावे, आणि वरची पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून झरझर वरखाली करावी. डोळ्यांसमोर ऊन-पाऊस बदलत राहतो आणि शब्दातला काळ हाताला कळतो.

एकाच रूपाचे अनेक अर्थ असणारे शब्द हे कवितेच्या वाचनात मुलांना फसवणारे मोठे ठिकाण आहे. सर हाच शब्द घ्यावा. शाळेतल्या मुलाच्या कानावर तो दिवसातून कित्येकदा पडतो, पण शिक्षकांना हाक मारण्यासाठी. कवितेत तो पावसाचा असतो किंवा मोत्यांच्या माळेतील एका पदराचा असतो, आणि एखाद्याची सर दुसऱ्याला येत नाही असे म्हणताना त्याचा अर्थ बरोबरी असा होतो. वर्गाला नुसता 'सर' हा शब्द देऊन चित्र काढायला सांगावे, मग 'सर आले', 'सर आली' आणि 'सर ओवला' अशी तीन छोटी वाक्ये फळ्यावर लिहावीत, आणि आपले चित्र कोणत्या वाक्याखाली लावायचे ते प्रत्येकाने ठरवावे. मराठीत क्रियापदाचे रूपच येथे अर्थ सांगून जाते, आणि लिंगभेदाचा जो भाग व्याकरणाच्या तासाला रूक्ष वाटतो, तो चित्र कोठे लावायचे या प्रश्नात सापडला की त्याची गरज मुलाला पटते. पावसाची सर आणि मोत्यांचा सर ही चित्रे शेजारी लावली, तर थेंबांची रांग आणि मोत्यांची रांग यांतले साम्य मुलांच्या नजरेतून सुटत नाही. पाट (बसायचा आणि पाण्याचा), तीर (बाण आणि काठ), माळ (फुलांची आणि ओसाड जमिनीचा), कर (हात, किरण आणि सरकारला द्यायचा) हे शब्दही याच रीतीने घेता येतात.

झाडाफुलांच्या नावांसाठी चित्रापेक्षाही प्रत्यक्ष वस्तू चांगली, यात शंका नाही. माधव केशव काटदरे, म्हणजेच कवी माधव, यांची 'हिरवे तळकोकण' ही कविता या भूमीच्या निसर्गाची नावे प्रेमाने घेणारी आहे, आणि ती वाचताना झाडांच्या नावांपाशी अडखळणाऱ्या मुलांना शाळेच्या कुंपणाबाहेर नेणे हाच खरा अर्थ सांगणे होय. सुरंगी, बकूळ, उंडी, करंज, सातवीण, आईन, कोकम यांचे गळलेले पान आणून ते कागदाखाली ठेवावे आणि वरून पेन्सिल आडवी घासावी. शिरांची जाळी कागदावर उमटते, तिच्याखाली नाव लिहावे, आणि मग कवितेतील त्या नावावर परत यावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात शंख, शिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपास फुकट मिळणाऱ्या वस्तूंनाच शैक्षणिक साधने मानले होते. कोकणच्या किनाऱ्यानेच दिलेला हा धडा रत्नागिरीच्या शाळांना परका नाही. महागडी चित्रकार्डे नाहीत म्हणून कविता नुसती पाठ करून घेण्याची वेळ कोणत्याही शिक्षकावर येऊ नये.

जमिनीवर चित्र काढण्याचा तर या जिल्ह्याला फार जुना वारसा आहे. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, प्राचीन काळी कोरलेली कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत, आणि हीच कल्पना शब्दांसाठी उचलण्यासारखी आहे: शाळेच्या अंगणात खडूने एका होडीची मोठी बाह्यरेषा काढावी आणि कवितेतले समुद्राशी नाते सांगणारे सारे शब्द (भरती, ओहोटी, उधाण, गाज, शीड, वल्हे) आपापल्या लहान चित्रासह तिच्या पोटात बसवावेत. सुटे सुटे राहिलेले शब्द एकाच कुळातले आहेत हे एका नजरेत दिसते.

यातल्या गाज या शब्दाला मात्र आकार नाही. समुद्राचा तो खोल, अखंड आवाज मांडवीच्या किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर मूल जन्मापासून ऐकते, पण त्याला नाव आहे हे त्याला ठाऊक नसते. अशा शब्दांसाठी रेषेचा आधार घ्यावा: डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि पेन्सिल न उचलता एकच रेषा काढत जायची, आवाज चढला की रेषा चढेल आणि उतरला की उतरेल. ओढ, करुणा, हुरहूर या भाववाचक शब्दांना रेषाही पुरत नाही. तिथे मुलांनी दोघादोघांनी मिळून शरीराने पुतळा करावा आणि बाकीच्यांनी तो पाहून कवितेतील कोणता शब्द उभा केला आहे ते ओळखावे. ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी पुतळ्याला हाताने स्पर्श करणे, पानाच्या शिरांवरून बोट फिरवणे, पागोळीखाली तळवा धरणे या कृती दृश्य कृतींच्या बरोबरीच्या आहेत, आणि डोळस मुलांनीही त्या डोळे मिटून कराव्यात.

घरची बोली हा या कामातला फार मोठा आणि फार दुर्लक्षित ठेवा आहे. ज्याला पाठ्यपुस्तक ओढा म्हणते त्याला रत्नागिरीच्या खेड्यात पऱ्या किंवा वहाळ म्हणतात. दगडी कुंपणाला गडगा म्हणतात. चढणीवरच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. एकाच चित्राखाली पुस्तकातला आणि घरातला असे दोन्ही शब्द लिहिले, म्हणजे घरचा शब्द चुकीचा नसून त्याच वस्तूचे दुसरे नाव आहे हे मुलाला समजते, आणि पुस्तकातला शब्दही त्याला लवकर आपला वाटतो. आंब्याच्या बागांमध्ये कामासाठी आलेल्या नेपाळी कुटुंबांची किंवा कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुले ज्या वर्गात असतात, तिथे तर चित्राखाली तिसऱ्या भाषेतील शब्दासाठीही जागा ठेवावी. ज्या मुलाकडे अजून मराठी शब्द नाहीत त्याच्याकडेही चित्र असतेच, आणि तेथून त्याला कवितेत शिरता येते.

या साऱ्या पद्धतीत एक मोठा धोका आहे, आणि तो उत्साही शिक्षकांकडूनच संभवतो. कविता वाचण्याआधीच मोबाइलवरचे किंवा छापील असे तयार चित्र समोर ठेवले, की मुलाच्या मनात जे चित्र उमटणार होते त्याची जागा आधीच भरली जाते, आणि पंचवीस मुलांच्या मनात पंचवीस पाऊस पडण्याऐवजी एकच पाऊस पडतो. क्रम असा हवा की आधी कविता ऐकावी, दोनदा ऐकावी, मग मुलाने काढावे, आणि छायाचित्र किंवा प्रत्यक्ष वस्तू त्यानंतर पडताळ्यासाठी यावी. रूपकांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. उन्हाला सोन्याची उपमा दिलेली असेल, तर काही मुले सोन्याचे दागिनेच काढतील. तिथे कागद मधोमध दुमडून डावीकडे शब्द जे म्हणतात ते आणि उजवीकडे कवीला जे दिसले ते काढायला सांगावे, आणि दोन्हींत समान काय आहे ते मधल्या घडीवर एका शब्दात लिहायला सांगावे. पिवळा, चकचकीत, मोलाचा, अशी जी उत्तरे येतात त्यांतून उपमेचे रहस्य दहा वर्षांच्या मुलालाही कळू शकते. आणि विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश' या १९६३ च्या पुस्तकासारखे काल्पनिक जग समोर असेल, तर बरोबर चित्र असे काही नसतेच. तिथे प्रत्येक मुलाचा एटू वेगळा असावा, आणि आपण तो तसाच का काढला हे त्याने कवितेतला शब्द दाखवून सांगावे, एवढीच अट ठेवावी.

ही अट खरे तर प्रत्येक कृतीला लावायला हवी. चित्र काढून झाले, पुतळा करून झाला, पट्ट्या लावून झाल्या की मुलाने बोट ठेवून ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचली पाहिजे, नाहीतर चित्रकलेचा तास झाला आणि कविता बाजूलाच राहिली असे होते. मूल्यमापनही अर्थ लिहायला सांगून होत नाही. तीन-चार आठवड्यांनी तोच शब्द वेगळ्या कवितेत किंवा मुलाच्या स्वतःच्या बोलण्यात भेटतो का, आणि भेटल्यावर ते थबकते का, हे पाहावे लागते.

त्यासाठी वर्गाची मिळून एक मोठी शब्दवही असावी आणि तिच्यात एका पानावर एकच शब्द असावा. पागोळीच्या पानावर जूनच्या सुरुवातीला, पाऊस येण्याआधी, कविता ऐकून काढलेले चित्र तारखेसह चिकटवावे. जुलैमध्ये गावातल्या एखाद्या कौलारू घराच्या पडवीत, किंवा सहल गेलीच तर मालगुंडला केशवसुतांच्या घरी, मुलांना पाऊस संपेपर्यंत आणि संपल्यावरही थोडा वेळ बसू द्यावे, आणि परत आल्यावर दुसरे चित्र त्याच पानावर पहिल्याच्या शेजारी लावावे. पहिल्या चित्रातल्या एका धारेच्या जागी आता धारांची रांग असेल आणि खाली मातीत खळग्यांची दुसरी रांग असेल. पानाचा उरलेला भाग पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी कोरा ठेवावा.